४१२ ओळींची मेथड कशी फोडली

ऐरोलीच्या ऑफिसात माझ्या वाट्याला बिलिंगचा जावा कोड आला. त्यात बिल तयार करणारी एकच मेथड (एक काम करणारा, नाव दिलेला कोडचा तुकडा) ४१२ ओळींची. जीएसटीचा साधा बदल करायचा तरी वर-खाली स्क्रोल करून डोकं उठायचं.

आधी कोडला हात लावला नाही. जुन्या ३० बिलांचे आकडे घेऊन टेस्ट लिहिल्या, म्हणजे एका पैशाचा फरक पडला तरी लगेच कळेल. हे केल्याशिवाय फोडाफोडीला बसूच नका.

मग इंटेलिजेमध्ये (कोड लिहायचं सॉफ्टवेअर) ओळी निवडून कंट्रोल-ऑल्ट-एम, म्हणजे त्या ओळींची वेगळी मेथड होते. जिथे ‘इथे सवलत वजा करतो’ अशी कॉमेंट होती, तिथूनच नवी मेथड काढली आणि नावही कॉमेंटवरूनच दिलं. कराचा तुकडा मात्र निघेना. ‘एकूण’ हे व्हेरिएबल वर सवलतीआधीची रक्कम धरायचं, खाली सवलतीनंतरची. शिवाय सीजीएसटी आणि एसजीएसटी (जीएसटीतला केंद्राचा आणि राज्याचा वाटा) दोन्ही बाहेर हवे, आणि जावाची मेथड परत देते एकच व्हॅल्यू. ‘एकूण’ची दोन वेगळी व्हेरिएबल केली, कर धरायला छोटा क्लास बनवला. त्यानंतर राज्यातल्या बिलाला सीजीएसटी-एसजीएसटी, परराज्यातल्या बिलाला आयजीएसटी, हा निर्णय ७ ओळींत मावला. मला सगळ्यात समाधान याच तुकड्याचं आहे.

इफच्या (अटींच्या) आत इफ होते, ते गार्ड क्लॉजने, म्हणजे वेगळी प्रकरणं सुरुवातीलाच निकालात काढून, सुटले. प्रत्येक तुकड्यानंतर टेस्ट, मग कमिट, म्हणजे तेवढा बदल नोंदवून ठेवायचा.

परवा टीममधल्या नव्या मुलीने ती मेथड उघडली. आता १८ ओळी आहेत. तिने त्या वाचल्या आणि मला काही न विचारता सवलतीचा बदल करून टाकला.