साल्युत ७ वर आठवडाभर पाहुणे: यान न्यायचं कसं, बदलायचं कसं, परत यायचं कसं

इंटरकॉसमॉस म्हणजे मित्रदेशांचे अंतराळवीर साल्युत या सोव्हिएत अंतराळस्थानकांवर नेण्याचा सोव्हिएत कार्यक्रम. त्याच्या मोहिमांमध्ये मथळा पाहुण्या अंतराळवीराचा व्हायचा. नियंत्रण केंद्राच्या दृष्टीनं मोठं काम मात्र यानांची अदलाबदल हे असायचं. माणसं नेणाऱ्या सोयुझ यानाच्या परतीच्या कुपीतले छोटे झोतयंत्र हायड्रोजन पेरॉक्साइडवर चालतात आणि साठवलेल्या पेरॉक्साइडचं हळूहळू विघटन होतं. त्यामुळे यान स्थानकाला बेमुदत लटकवून ठेवता येत नाही. पाहुण्यांनी ताजं यान घेऊन यायचं, जुनं घेऊन जायचं. खालची पद्धत १९८४ च्या एप्रिलमधल्या सोयुझ टी-११ ची आहे: कमांडर युरी मालिशेव, अभियंता गेन्नादी स्त्रेकालोव आणि राकेश शर्मा.

जाण्याआधी

आधी रशियन शिका. यानातल्या प्रत्येक बटणावरची अक्षरं रशियन, जमिनीशी बोलणंही रशियनमध्येच. शर्मा आणि त्यांचे राखीव रवीश मल्होत्रा १९८२ पासून मॉस्कोजवळच्या स्टार सिटीत होते, ते काही नुसतं यंत्र ओळखायला नव्हे.

मग लायनर, म्हणजे आसनातलं मापाचं अस्तर. आसनात गुडघे दुमडून पाठीवर झोपवतात आणि पाठीचा प्लास्टरचा साचा घेतात. त्यावरून बनलेलं लायनर फक्त तुमचं, दुसऱ्याला चालत नाही. डोक्याकडे थोडी मोकळी जागा ठेवून घ्या, कारण वजनरहित अवस्थेत पाठीचा कणा काही सेंटीमीटर लांबतो. जाताना चपखल बसलेलं लायनर येताना खांद्याला टोचतं, आणि नेमका तेव्हाच जमिनीचा दणका बसायचा असतो.

उड्डाण आणि पाठलाग

३ एप्रिलला भारतीय वेळेनुसार संध्याकाळी ६:३८ ला बैकानूरहून उड्डाण. नऊ मिनिटांच्या आत कक्षेत. तिथून स्थानक गाठायला साधारण २५ तास. या काळात डोकं झटकन वळवू नका. रक्त वरच्या अंगाला चढतं, चेहरा सुजतो, आणि मान फिरवली की मळमळ हमखास.

जवळ जाण्याचं काम ‘इग्ला’ ही स्वयंचलित रडार यंत्रणा करते. ती बिघडली तर पर्याय फार थोडे. एप्रिल १९८३ मध्ये सोयुझ टी-८ चा इग्लाचा अँटेना उड्डाणातच गेला. कमांडर तितोव यांनी दुर्बिणीतून बघून, अंदाजानं यान नेलं, पण वेग जास्त वाटला आणि टक्कर टाळून परतावं लागलं. स्त्रेकालोव त्या यानातही होते. त्याच वर्षी सप्टेंबरात रॉकेट तळावरच पेटलं, तेव्हा सुटका-रॉकेटनं ओढून काढलेल्या कुपीतही तेच होते. १९८४ मध्ये ते आयत्या वेळी आले, कारण मूळचे अभियंते रुकाविश्निकोव आजारी पडले.

जोडणी

साल्युतला दोन दारं. पुढच्या दाराला फेब्रुवारीपासून टी-१० जोडलेलं, म्हणून टी-११ मागच्या दाराला. यानाचा दांडा स्थानकाच्या शंकूत शिरतो, टोक खोबणीत अडकतं, मग दांडा आत ओढला जातो आणि आकडे बसतात. इथे घाई नको. दोन दारांमधल्या बोळातला दाब मोजा, थांबा, पुन्हा मोजा. दाब कमी झाला तर कुठेतरी गळती आहे आणि दार उघडायचं नाही. स्थिर राहिला तर आधी झडप उघडून दोन्हीकडचा दाब सारखा करा, मगच दार.

आत टी-१० मधून आलेले किझिम, सोलोव्योव आणि अत्कोव हे तिघे रहिवासी होतेच. एका स्थानकावर सहा माणसं झाली की हवा आधी जाणवते. वजनरहित अवस्थेत गरम हवा आपोआप वर जात नाही, म्हणून श्वासातला कार्बन डायऑक्साइड तोंडाभोवतीच साचतो. झोपण्याची पिशवी पंख्याच्या झोतात बांधा. कोपरा शांत वाटतो, पण सकाळी डोकं ठणकतं.

लायनर हलवणं

सगळ्यात काटेकोर काम हेच. टी-११ मधली पाहुण्यांची तीन लायनरं टी-१० मध्ये न्यायची, टी-१० मधली रहिवाशांची टी-११ मध्ये. सोबत दाबपोशाख आणि तोल साधणारी वजनंही. अर्धवट सोडून झोपायला जायचं नाही. रात्री स्थानक सोडायची वेळ आली तर ज्या यानात तुमचं लायनर, तेच तुमचं यान.

वजनं का, तर कुपीचा गुरुत्वमध्य मुद्दाम एका बाजूला ठेवलेला असतो. त्यामुळेच ती हवेत थोडी उचल घेत तिरकी उतरते आणि अंगावर ३-४ जी (वजनाच्या तीन-चार पट) इतकाच भार येतो. तोल चुकला की हे नियंत्रण बिघडतं. उचल अजिबात मिळाली नाही तर कुपी दगडासारखी खाली येते आणि भार दुपटीहून वर जातो. १९७९ मध्ये सोयुझ ३३ च्या रुकाविश्निकोव आणि बल्गेरियाच्या इवानोव यांना हाच अनुभव आला, इंजिन बिघडल्यामुळे. ते साल्युत ६ वर पोचलेच नाहीत, म्हणजे ताजं यानही पोचलं नाही. शेवटी सोयुझ ३४ रिकामंच वर पाठवावं लागलं.

मधले दिवस प्रयोगांचे: सहा वर्णपट्ट्यांत एकदम छायाचित्रं घेणाऱ्या एमकेएफ-६एम कॅमेऱ्यानं भारताचं चित्रण, योगासनांचे शरीरावरचे परिणाम, धातूंचं घनीकरण.

परत

११ एप्रिलला टी-१० मधून. सोयुझ टी मालिकेत कुपीच्या पुढचा राहण्याचा गोल कक्ष परतीचं इंजिन चालवण्याआधीच टाकून देत, त्यानं इंधन वाचायचं. पण शौचालय त्याच कक्षात असायचं, तेव्हा सगळं आधी उरकून घ्या. हा विनोद नाही: १९८८ मध्ये सोव्हिएत-अफगाण जोडीचं इंजिन वेळेवर चाललं नाही आणि दोघांना दिवसभर त्या चिंचोळ्या कुपीत कक्षाविना काढावा लागला.

छत्री उघडली की आसनं वर उचलली जातात. दात घट्ट मिटा, जीभ आत, हात अंगाशी, बोलणं बंद. जमिनीपासून साधारण मीटरभरावर शेवटची रॉकेटं पेटतात. टी-१० कझाकस्तानात अर्कालिकच्या पूर्वेला उतरलं.

वर राहिलेल्यांचं काम संपत नाही. मालवाहू प्रोग्रेसच्या इंधननळ्या फक्त मागच्या दाराला जुळतात आणि तिथे टी-११ बसलेलं. म्हणून १३ एप्रिलला तिघेही टी-११ मध्ये बसून सुटे झाले, स्थानक अर्धं वळलं आणि यान पुढच्या दाराला पुन्हा जोडलं. एकालाही मागे ठेवायचं नाही, कारण जोडणी फसली तर मागे राहिलेल्याला परत यायला यानच नसतं. १५ तारखेला प्रोग्रेस २० निघालं.