खान्देशच्या उन्हाळ्यात गेमिंग लॅपटॉप तापतो? या चुका टाळा

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. स्लॅबखालची खोली रात्रीही ३८ अंशांवर असू शकते, आणि लॅपटॉपचा पंखा तीच हवा आत ओढतो. खोली १५ अंशांनी तापली की प्रोसेसरही जवळपास तेवढाच तापतो. म्हणजे थंडीत ८० अंशांवर चालणारा गेम मेमध्ये ९५ गाठतो. बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० च्या दरम्यान आपला वेग स्वतःच कमी करतात. गेम दहा मिनिटं नीट चालून मग अडखळू लागतो, तो यामुळे.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे कारण न शोधता कूलिंग पॅड विकत घेणं. आधी एचडब्ल्यूइन्फो (HWiNFO) या तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर तापमान पाहा. मग लॅपटॉपच्या मागच्या कडेखाली बाटलीची दोन-दोन झाकणं ठेवून तोच गेम पुन्हा अर्धा तास खेळा. तापमान चार-पाच अंशांनी उतरलं तर हवेची वाट खालून अडत होती. गोधडीवर किंवा गादीवर लॅपटॉप ठेवला की हेच होतं. काहीच फरक पडला नाही तर अडचण बहुधा आत आहे.

आपल्याकडे ती बऱ्याचदा कापसाची असते. वेचणी आणि जिनिंगच्या हंगामात हवेत उडणारे तंतू पंख्यातून पुढे जाऊन हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाच्या, धातूच्या पातळ पात्यांवर अडकतात. त्यावर काळ्या मातीची धूळ बसते आणि बोटभर रुंदीची, नमद्यासारखी घट्ट राखाडी पट्टी तयार होते. बाहेरून ब्लोअर मारला तर ही पट्टी फक्त मागे पंख्याकडे ढकलली जाते आणि पुन्हा तिथेच येऊन बसते. म्हणून लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, खालचं झाकण उघडा आणि सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा. मग पंखा काढून चिमट्याने पट्टी अख्खी उचला. ब्लोअर वापरायचाच असेल तर पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. पंखा मोकाट फिरला तर बेअरिंग खराब होतं.

कुलरसमोर लॅपटॉप ठेवू नका. ओलसर हवेत धूळ पात्यांवर थापली जाते, पाण्याचे तुषार गेले तर बोर्डच जातो. कुलर बाजूला ठेवा आणि समोरची खिडकी उघडी असू द्या.

चिप आणि हीटसिंक यांच्यामधली, उष्णता पोचवणारी थर्मल पेस्ट बदलताना जुनी पेस्ट ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. नवीन पेस्टचा पातळ थर चिपच्या कोपऱ्यांपर्यंत पसरवा. स्क्रू हीटसिंकवर छापलेल्या क्रमानेच आवळा. काही चिपवर पेस्टऐवजी थर्मल पॅड, म्हणजे उष्णता पोचवणारी मऊ पट्टी असते; तिच्या जागी पेस्ट भरू नका. पॅड फाटला तर त्याच जाडीचा आणा, कारण अर्ध्या मिलिमीटरचा फरकही चिपवरचा दाब बिघडवतो. काही लॅपटॉपमध्ये पेस्टच्या जागी कारखान्यातूनच लिक्विड मेटल असतं. ते विजेचं वाहक आहे, घरी हात लावू नका.

गेमच्या सेटिंगमध्ये ६० एफपीएसची (सेकंदाला ६० फ्रेम) मर्यादा घाला. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ ९९ टक्के केलं की बहुतेक लॅपटॉपवर टर्बो, म्हणजे प्रोसेसरचा जादा वेग, बंद होतो आणि तापमान लगेच उतरतं.

टचपॅड वर उचललेला दिसला तर बॅटरी फुगली असण्याची शक्यता आहे. तेव्हा चार्जिंग थांबवा, टचपॅड दाबून बसवू नका आणि लॅपटॉप थेट दुरुस्तीला न्या.