इंजिन लावायच्या आधी पेन्सिल

दादरच्या एका हॉलमध्ये रविवारची बुद्धिबळ स्पर्धा होती. माझ्यासमोर चौथीतली मुलगी. दोन वेण्या, शेजारी पाण्याची बाटली आणि स्कोअरशीटवर माझ्यापेक्षा सुबक अक्षर. डाव संपत आला तेव्हा माझ्याकडे पांढऱ्या घरांचा उंट आणि दोन प्यादी होती, एक जी-४ वर, दुसरं एच-३ वर. माझा राजा एफ-५ वर. तिचा राजा जी-७ वर आणि एच-५ वर एकुलतं एक प्यादं. ते प्यादं मला फुकट मिळत होतं. मी खाल्लं.

तिने क्षणभरही विचार न करता राजा कोपऱ्याकडे नेला. पुढच्या वीसेक चाली मी उंट इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरवत राहिलो. शेवटी तीच हळू आवाजात म्हणाली, "काका, हा ड्रॉच असतो." मी चौतीस वर्षांचा आहे. बरोबरीपेक्षा 'काका' जास्त लागलं.

झालं होतं असं: प्यादं खाल्ल्यामुळे माझी दोन्ही प्यादी एकाच एच पट्टीत, म्हणजे पटाच्या कडेच्या उभ्या रांगेत गेली. तिथून वजीर करायचा तर घर एच-८, आणि ते काळं. माझा उंट पांढऱ्या घरांवरचा, म्हणजे त्या घराला तो जन्मात हात लावू शकत नाही. तिथे ठाण मांडून बसलेल्या राजाला हाकलायचं कोणी? हा 'चुकीचा उंट' क्लासमधल्या पोरांना पाठ असतो. मी प्यादं न खाता नुसतं जी-५ ला ढकललं असतं, तर जी पट्टीतलं प्यादं हातात राहिलं असतं आणि डाव जिंकलेलाच होता.

परतीच्या बदलापूर लोकलमध्ये कल्याणला बसायला जागा मिळाली, तीही चौथी सीट. अर्ध्या बुडावर टेकून लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवर डाव भरला. पटावर सात किंवा त्याहून कमी मोहरे उरले की तिथे टेबलबेस मिळतो, म्हणजे आधीच शेवटपर्यंत सोडवून ठेवलेल्या स्थितींचा साठा. तो अंदाज देत नाही, अंतिम निकालच सांगतो. माझ्या पटावर सहा मोहरे होते. खाण्याआधी: विजय. खाल्ल्यानंतर: बरोबरी. मी 'हं, कळलं' म्हणून फोन खिशात टाकला.

नव्याने खेळायला लागलेल्यांना मला सांगायचंय ते या 'हं, कळलं'बद्दल. दोन वर्षं मी हेच करत होतो. डाव संपला की लगेच इंजिन, म्हणजे चाली तपासणारा प्रोग्राम लावायचा, चुकांपुढची लाल प्रश्नचिन्हं मोजायची, थोडं हळहळायचं आणि पुढचा डाव सुरू. रेटिंग ढिम्म. कारण कुठली चाल चुकली ते इंजिन सांगतं. ती करताना माझ्या डोक्यात काय चाललं होतं हे त्याला कुठून कळणार? आणि उत्तर एकदा दिसलं की तेव्हा डोक्यात काय होतं ते आपल्यालाही आठवत नाही. 'तसं मला दिसलंच होतं' असं आपण स्वतःला बेधडक पटवतो. २०२४ च्या डिसेंबरात सिंगापूरला जगज्जेतेपदाच्या चौदाव्या डावात तेव्हाचा जगज्जेता डिंग लिरेन याने हत्ती एफ-२ वर नेला, तेव्हा कोण किती पुढे ते दाखवणारी इंजिनची पट्टी उघडून बसलेल्या सगळ्यांना चूक त्याच सेकंदाला कळली. हत्ती गेले, पाठोपाठ उंट गेले आणि उरलेला प्याद्यांचा शेवट गुकेशने जिंकला. पट्टी शेजारी असली की आपण सगळेच ग्रँडमास्टर. गुकेशला मात्र त्याचे प्रशिक्षक विष्णू प्रसन्ना यांनी सुरुवातीची वर्षं इंजिनापासून लांब ठेवलं होतं. आपल्याला रोज प्रशिक्षक परवडत नाही, म्हणून इंजिन हवंच. फक्त उशिरा.

आता मी असं करतो. त्याच रात्री, इंजिन बंद ठेवून, स्कोअरशीटच्या कडेला पेन्सिलीने लिहितो: इथे घाबरलो, इथे घोड्याची चाल दिसलीच नाही, इथे घड्याळात तीनच मिनिटं होती. खरं लिहायचं, कोणी वाचणार नाहीये. स्टॉकफिश हे इंजिन दुसऱ्या दिवशी. तो फुकट आहे आणि जगातल्या कुठल्याही माणसापेक्षा ताकदवान आहे, त्यामुळे त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. पण त्याचा प्रत्येक आकडा मनावर घेण्यातही नाही. १.० म्हणजे साधारण एका प्याद्याइतकी आघाडी. ०.३ चा फरक तुमच्या-माझ्यासाठी हवेतला आहे. जिथे आकडा एका चालीत दीड-दोनने कोसळतो तेवढ्याच जागा बघा. एका डावात तीन मिळाल्या तरी संध्याकाळ पुरते.

त्या जागीही त्याची पहिली चाल पाठ करू नका. आपल्याला जी चाल करावीशी वाटली होती ती त्याच्यासमोर करा आणि तो कसा मारतो ते बघा. मला सगळ्यात जास्त शिकवलं ते या भांडणाने. कधीकधी त्याची पहिली पसंती दहा चालींनंतरच्या कशावर तरी टेकलेली असते, डोक्यावरून जाते. तेव्हा दुसरी किंवा तिसरी चाल घ्या, जी का चांगली ते तुम्हाला आईला समजावून सांगता येईल. लिचेसवर चुकांमधून शिकण्याची सोय आहे, ती उत्तर झाकून तुम्हालाच चाल शोधायला लावते. ती वापराच. अचूकतेच्या टक्क्यांकडे मात्र लक्ष देऊ नका. समोरचा चौथ्या चालीत वजीर घालवून बसला तर कोणीही अचूक खेळतो. जिंकलेले डावही तपासा, त्यात न पकडल्या गेलेल्या चोऱ्या असतात.

खरा माल मात्र वहीत. प्रत्येक मोठ्या चुकीपुढे एकच शब्द. दादरच्या डावापुढे मी आधी 'शेवटाचं ज्ञान' लिहिलं होतं. पेन्सिलीची नोंद वाचली तर तिथे होतं: 'फुकट आहे, घे.' खोडून 'हाव' लिहिलं. मग मागचे चाळीस डाव चाळले. हाव अकरा वेळा, घड्याळ चार वेळा, ओपनिंग म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चाली दोनदा. आणि मी दर महिन्याला पैसे कशावर खर्च करत होतो? ओपनिंगच्या व्हिडिओंवर.

सध्या खाण्याजोगं काही दिसलं की मी हात मांडीखाली दाबून बसतो. दिसायला विचित्र दिसतं, चालतं.

परवाच्या रविवारचा डाव अजून इंजिनला दाखवलेला नाही. एकविसाव्या चालीला उंट मागे का घेतला ते आठवत नाहीये. आठवेपर्यंत फोन बॅगेत.