स्वस्तातला पहिला कॅमेरा घेताना आणि वापरताना या चुका टाळा

डिसेंबर सरत आला आणि होम मैदानावर गड्ड्याचे, म्हणजे संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेचे, पाळणे उभे राहू लागले की सोलापुरात नव्या कॅमेऱ्यांची खरेदी वाढते, आणि संक्रांत आटोपली की तेच कॅमेरे ‘याच्यात काही बिघाड आहे का, बघा’ म्हणून माझ्याकडे येऊ लागतात. त्यांतले बहुतेक धडधाकट असतात. एक तर खरेदीच चुकलेली असते, नाही तर वरची डायल खोक्यातून निघाल्यापासून ऑटोवरून हललेली नसते. तक्रार मात्र ठरलेली असते : एवढे पैसे घालूनही फोटो मोबाईलपेक्षा वाईट येतात.

ही तक्रार खोटी नाही, म्हणून तिचे कारण आधी सांगतो. आजचा मोबाईल अंधारात एका क्लिकमध्ये अनेक फोटो घेतो, ते एकमेकांवर जुळवतो, सावल्या उजळतो, चेहरा गुळगुळीत करतो आणि तयार फोटो हातात देतो. कॅनन ईओएस १५००डी किंवा निकॉन डी३५०० यांसारखा, २०१८ साली बाजारात आलेला प्राथमिक डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा, आत आरसा असलेला कॅमेरा) यातले जवळजवळ काहीच करत नाही. त्याच्याकडे उजेड टिपणारा २४ मेगापिक्सेलचा मोठा सेन्सर आहे, लेन्स बदलण्याची सोय आहे, सेन्सरने टिपलेले सगळे कच्चे जपणारी रॉ फाईल आहे, आणि एप्रिल-मेच्या आपल्या उन्हात मोबाईलच्या पडद्यावर काही दिसेनासे होते तेव्हा डोळा लावून पाहता येईल असा व्ह्यूफाइंडर आहे. किंमत कमी ठेवण्यासाठी कुठे कात्री लावली आहे, हेही कंपन्या लपवत नाहीत. १५००डी सेकंदाला तीनच फोटो काढतो. त्याहून स्वस्त ३०००डीमध्ये लेन्स बसवायची कडी धातूऐवजी प्लॅस्टिकची आहे आणि व्ह्यूफाइंडर आपल्या चष्म्याच्या नंबरानुसार जुळवण्याचे चाकच नाही. ही माहिती दुकानात जाण्यापूर्वी वाचायची असते. लोक ती कॅमेरा परत करायला जाताना वाचतात.

आकडे पाहून खरेदी

ऑनलाइन तीन-चार हजारांत ‘४८ मेगापिक्सेल, १६ एक्स झूम’ असे लिहिलेले कॅमेरे मिळतात. त्यांत बहुधा मोबाईलमध्ये बसेल असा चिमुकला सेन्सर असतो, लेन्सचा फोकस कायमचा एका अंतरावर बांधलेला असतो, आणि ४८ हा आकडा लहान फोटो सॉफ्टवेअरने ताणून गाठलेला असतो. डिजिटल झूम म्हणजे फोटोचा मधला भाग कापून मोठा करणे. ते काम घरी बसून फुकटात करता येते. झूमचा आकडा पाहायचाच असेल तर ‘ऑप्टिकल’ हा शब्द आहे का, तेवढे पाहावे.

सेन्सरच्या आकाराचा हिशेब सोपा आहे. साध्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याचा सेन्सर सुमारे ६.२ गुणिले ४.६ मिलिमीटर असतो आणि १५००डीचा २२.३ गुणिले १४.९, म्हणजे क्षेत्रफळात जवळजवळ बारापट. उजेड कमी झाला की हा फरक डोळ्यांना दिसतो. दहा हजारांच्या आत नवा कॅमेरा घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तेवढ्या पैशांत जुना डीएसएलआर पाहावा, नाही तर हातातला मोबाईलच नीट वापरायला शिकावे.

जुन्या बाजारातही एक खड्डा आहे आणि त्यात निकॉन घेणारे हमखास पडतात. डी३००० आणि डी५००० या मालिकांच्या बॉडीत (लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यात) फोकसची मोटर नसते, म्हणून कोणी स्वस्तात दिलेली, स्वतःची मोटर नसलेली जुनी ५० एमएम ‘एएफ-डी’ लेन्स त्यांवर बसते, फोटोही निघतो, पण फोकस हाताने करावा लागतो. उलट नव्या ‘एएफ-पी’ लेन्स डी३१०० किंवा डी३२०० या जुन्या बॉडींवर फोकस करतच नाहीत. लेन्स बसली म्हणजे जुळली असे समजू नये. आपली बॉडी सोबत नेऊन दुकानातच फोकस करून पाहावा. कॅनन घेणाऱ्यांनी किटमधल्या, म्हणजे कॅमेऱ्यासोबतच मिळणाऱ्या, १८-५५ लेन्सवर ‘आयएस’ ही अक्षरे आहेत का ते पाहावे, कारण हाताची थरथर सांभाळणारी ही सोय नसलेली लेन्सही त्याच नावाने खोक्यात येते.

ऑटो मोड आणि डोक्यावर उडी मारणारा फ्लॅश

या चुकीवर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण ती पाहून पाहून डोळे शिणले आहेत. गड्ड्याच्या यात्रेतले शोभेचे दारूकाम सुरू झाले की होम मैदानावरच्या गर्दीत जागोजागी छोटे फ्लॅश चमकू लागतात. १५००डीच्या या फ्लॅशचा गाईड नंबर, म्हणजे त्याचा पल्ला काढायचा आकडा, आयएसओ १०० ला ९.२ मीटर आहे (आयएसओ म्हणजे सेन्सर उजेडाला किती दाद देतो त्याचे माप). किट लेन्स पूर्ण झूम केली की तिचे अॅपर्चर, म्हणजे उजेड आत येण्याचे भोक, एफ ५.६ होते (आकडा मोठा तितके भोक लहान), ९.२ ला ५.६ ने भागले की फ्लॅशचा पल्ला येतो दीड मीटरच्या थोडे वर. आयएसओ ४०० केला तर सव्वातीन मीटर, १६०० केला तर साडेसहा. आकाशातले दारूकाम त्याच्या कितीतरी पलीकडे असते. त्या फ्लॅशने उजळतात ती पुढे उभ्या असलेल्यांची डोकी, आणि त्यांच्या मागे काळेभोर आकाश. मग ‘कॅमेरा रात्री चालत नाही’ असा निकाल लागतो.

दारूकामासाठी कॅमेरा ट्रायपॉडवर लावावा, डायल एमवर (मॅन्युअल) न्यावी, आयएसओ १००, अॅपर्चर एफ ८ ते ११ आणि शटर दोन ते चार सेकंद ठेवावे. फोकस आधी एखाद्या दूरच्या दिव्यावर करून घ्यावा आणि मग तो मॅन्युअल करून तसाच राहू द्यावा, नाही तर कॅमेरा दर वेळी अंधारात चाचपडत बसतो. कॅननच्या लेन्सवर यासाठी कळ असते. डी३५०० सोबतच्या एएफ-पी लेन्सवर ती नाही, तिथे मेनूतून बदल करावा लागतो. पहिला बार उडाल्यावर मेनू शोधायला बसणाऱ्यांना मी मदत करणे सोडून दिले आहे.

लग्नाच्या हॉलमध्ये हीच चूक दुसऱ्या वेषात भेटते. तिथे फ्लॅश बंद केलेला असतो, पण माणूस खुर्चीवर बसूनच पूर्ण झूम करून स्टेजचे फोटो काढतो आणि सगळे हलतात. किट लेन्सचे अॅपर्चर १८ एमएमला एफ ३.५ असते आणि ५५ ला एफ ५.६, म्हणजे झूम न करता चार पावले पुढे गेल्यास अडीचपट उजेड मिळतो. माझी सवय अशी की हॉलमध्ये लेन्स १८ ते २४ च्या दरम्यान ठेवायची, शटर सेकंदाच्या एकशेपंचविसाव्या भागाखाली जाऊ द्यायचे नाही आणि आयएसओ खुशाल ३२०० पर्यंत चढू द्यायचा. दाणेदार फोटो छापता येतो, हललेला येत नाही. ‘आयएस’ असले तरी ते आपला हात सांभाळते, समोर अक्षता टाकणाऱ्या पाहुण्यांचे हात सांभाळत नाही. हॉलची कामे वारंवार करायची असतील तर पुढची खरेदी एफ १.८ ची साधी ५० एमएम लेन्स असावी. ती एफ ५.६ च्या तुलनेत साडेनऊपट उजेड आत घेते. नवखे लोक त्याऐवजी बॉडी बदलतात आणि तीच किट लेन्स नव्या बॉडीवर चढवतात.

एलईडीच्या झगमगाटात फोटोवर आडवे काळे पट्टे आले तर कॅमेरा दुरुस्तीला नेऊ नये. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. शटर सेकंदाच्या पन्नासाव्या किंवा शंभराव्या भागावर आणले की पट्टे बहुधा जातात. एवढे मंद शटर मात्र स्थिर उभ्या माणसांसाठीच चालते.

यात्रेत दिवसाचे फोटोही चुकतात, आणि त्याचे कारण बाराबंदी, म्हणजे बंदांनी बांधायचा पांढरा अंगरखा. मिरवणुकीतल्या सातही नंदीध्वजांच्या उंच काठ्यांबरोबर चालणारे मानकरी आणि भक्त पांढऱ्या बाराबंदीत असतात, आणि कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर समोरचे सगळे मध्यम करडे आहे असे गृहीत धरतो. फ्रेम बाराबंदीने भरली की तो उजेड कमी करतो आणि दुधासारखे कापड मळकट दिसते. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे उजेड हाताने कमी-जास्त करण्याची सोय, दोन-तृतीयांश ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) अधिककडे न्यावे. एकच मानकरी उन्हात आणि मागे सावलीतली गल्ली असेल तर मात्र उलट, उणेकडे. नाही तर कापडाच्या चुण्या उडून जातात आणि त्या नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने परत येत नाहीत.

निम्म्या किमतीचे मेमरी कार्ड

ओळखीतल्या एका मुलाने नवा कॅमेरा घेतला आणि दुसऱ्याच दिवशी मामेबहिणीच्या हळदीचे व लग्नाचे काम अंगावर घेतले. घरचेच काम, म्हणून वेगळा फोटोग्राफर ठरवलेला नव्हता. कॅमेऱ्यावर खर्च झाला होता, तेव्हा कार्डावर वाचवावे म्हणून त्याने १२८ जीबीचे कार्ड निम्म्याहून कमी किमतीत आणले. दोन्ही दिवस कॅमेरा खटाखट चालला, मागच्या पडद्यावर प्रत्येक फोटो दिसला, एकदाही चूक दाखवली गेली नाही. तिसऱ्या दिवशी तो लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आला. ‘काका, नावं दिसायलीत, पण फोटो उघडंनात,’ एवढेच बोलला. हळदीच्या सकाळचे सुरुवातीचे फोटो व्यवस्थित होते. त्यानंतरच्या प्रत्येक फाईलचे नाव होते, तारीख होती, आकारही होता. उघडले की वर चार बोटे मांडव आणि खाली सपाट करडा रंग. अंतरपाट दूर झाल्याचा एकही फोटो नव्हता.

अशा कार्डात आतली चिप आठ-सोळा जीबीचीच असते आणि तिला १२८ सांगायला शिकवलेले असते. खरी जागा संपली की कार्ड तक्रार करत नाही. पुढचा मजकूर ते टाकून देते, नाही तर आधीच्या मजकुरावरच लिहीत जाते. म्हणून रिकव्हरी सॉफ्टवेअरचा इथे उपयोग होत नाही, कारण ते फोटो कार्डावर एक तर कधी उतरलेलेच नसतात, नाही तर त्यांच्यावर दुसरेच लिहिले गेलेले असते. हे त्या मुलाच्या आईला समजावून सांगण्याचे काम माझ्याकडे आले, आणि तेव्हापासून कोणी कार्डावर पैसे वाचवल्याचे कौतुकाने सांगू लागला की माझा आवाज चढतो.

नवे कार्ड, ते कोणत्याही दुकानातून आणलेले असो, आधी पूर्ण भरून तपासावे. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू आणि मॅक किंवा लिनक्सवर एफ३ ही फुकट मिळणारी सॉफ्टवेअर कार्ड काठोकाठ भरतात, परत वाचतात आणि खरी जागा किती ते सांगतात. मोठ्या कार्डाला दोन-तीन तास लागतात. एवढा वेळ नसेल तर ते कार्ड लग्नाला नेऊ नये.

मी एका १२८ ऐवजी ३२ जीबीची अनेक कार्डे वापरतो. या कॅमेऱ्यांच्या रॉ फाईलच्या आकारानुसार एकात साधारण हजार फोटो मावतात आणि एक बिघडले तरी सगळा समारंभ जात नाही. वापरलेले कार्ड पाकिटात पालथे ठेवतो, म्हणजे गडबडीत तेच पुन्हा लागत नाही. फॉरमॅट कॅमेऱ्यातच करतो, आणि तोही दोन ठिकाणी प्रत झाल्यानंतर. व्ही३०, यू३ अशा महागड्या खुणांसाठी जादा पैसे मोजण्याचे कारण या कॅमेऱ्यांना नाही. क्लास १० म्हणजे सेकंदाला किमान १० एमबी लिहिण्याची हमी, आणि यांच्या फुल एचडी व्हिडिओला ती पुरते.

लहान वाटणाऱ्या बाबी

फोटो कार्डावर उतरत असल्याचा दिवा लुकलुकत असताना कार्डाचे झाकण उघडू नये.

यंत्रमागाच्या कारखान्यात चादरी विणताना फोटो घ्यायला जाणे उत्तम, पण तिथे लेन्स बदलू नये. हवेत तरंगणारे सुताचे तंतू थेट आत जातात. सेन्सरवर कचरा आहे का हे पाहायचे तर एफ २२ ला मोकळ्या आकाशाचा फोटो काढून काळे ठिपके शोधावेत. आत तोंडाने फुंकर घालू नये, रबरी ब्लोअर वापरावा, आणि त्यानेही न निघालेला डाग सर्व्हिस सेंटरवर सोडावा.

१५००डीची वापराची तापमानमर्यादा कंपनीने शून्य ते ४० अंश अशी दिली आहे. सोलापूरच्या मे महिन्यात ती सावलीतच ओलांडली जाते, तेव्हा बंद गाडीत किंवा दुचाकीच्या डिकीत कॅमेरा दुपारभर ठेवणाऱ्याला काय म्हणावे ते सुचत नाही.

किट लेन्स घेऊन नान्नजच्या माळढोक अभयारण्यात काळवीट टिपायला जाऊ नये, ते फोटोत तिळाएवढे येतात. २५० एमएमची लेन्स लावली तरी ती सुरुवातच समजावी.

दुकानदार ‘फ्री’ म्हणून देतो तो ट्रायपॉड मोबाईलपुरता असतो. यूव्ही फिल्टर दिलाच तर रात्रीच्या दिव्यांसमोर काढून ठेवावा, त्याच्यामुळे फोटोत दिव्यांची भुते, म्हणजे खोटी प्रतिबिंबे, दिसतात. सेलवर चालणाऱ्या जुन्या कॉम्पॅक्टमध्ये साधे सेल घालून बॅटरीला दोष देऊ नये. चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल घ्यावेत.

खरेदीच्या वेळची शेवटची घाई पावतीची. काही हजार वाचतात म्हणून पावतीशिवाय कॅमेरा घेणारे पुढे वॉरंटीसाठी हिंडतात आणि कंपनीला नावे ठेवतात. पावतीवर बॉडीचा आणि लेन्सचा असे दोन्ही अनुक्रमांक दुकानदाराकडून लिहून घ्यावेत, ते खोक्यावरच्या नव्हे तर प्रत्यक्ष वस्तूवरच्या क्रमांकांशी तिथेच ताडून पाहावेत, आणि मशीनमधून निघालेल्या थर्मल पावतीवरचा मजकूर पुढे पुसट होतो म्हणून त्याच दिवशी तिचा मोबाईलने फोटो काढून ठेवावा.