समावेशक कंपनी किंवा मंडळाचा सत्कार करताय? या चुका टाळा

३ डिसेंबर जवळ आला की मुंबईत सत्कारांची घाई सुरू होते. जागतिक दिव्यांग दिनासाठी सभागृह घेतलेलं असतं, पाहुणे ठरलेले असतात, शाली येऊन पडलेल्या असतात. सत्कार कोणाचा करायचा हे मात्र पंधरा दिवस उरले तरी ठरत नाही. मग फोनाफोनी होते आणि सगळ्यांना ठाऊक असलेल्या दोन-चार नावांनाच पुन्हा सन्मानचिन्ह मिळतं.

आमच्या विभागातल्या अशा एका उपक्रमाच्या निवड समितीत मी काही वर्षं काम करते आहे. अपंगत्व असलेल्या माणसांना बरोबरीनं सामावून घेणारी कार्यालयं, दुकानं, मंडळं शोधायची आणि त्यांचं काम लोकांपुढे आणायचं, एवढाच हा उपक्रम. त्यात आमच्या हातून झालेल्या आणि इतरत्र पाहिलेल्या चुका इथे लिहिते आहे. या चुका करतात सत्कार करणारे. भोगावं लागतं ते ज्यांच्या नावानं कार्यक्रम होतो त्यांना.

व्यासपीठाच्या पाच पायऱ्या

आमचा पहिलाच कार्यक्रम होता. दादरमधलं सभागृह तळमजल्यावर, म्हणून आम्ही निर्धास्त. एका लहान कंपनीला पुरस्कार होता आणि मालकांनी आवर्जून कळवलं होतं की तो आमचे स्टोअर सांभाळणारे सहकारी घेतील. हे सहकारी व्हीलचेअर वापरतात. व्यासपीठाला पाच पायऱ्या आहेत, हे आमच्यापैकी कोणीही आधी जाऊन पाहिलं नव्हतं.

नाव पुकारलं, टाळ्या सुरू झाल्या आणि चार कार्यकर्ते धावले. त्यांना काही न विचारता खुर्चीसकट उचललं. चौथ्या पायरीवर खुर्ची एका बाजूला कलली. त्यांनी हातांनी खुर्चीच्या कडा घट्ट धरल्या, मान खाली घातली. टाळ्या आणखी वाढल्या. फोटोही नेमका त्याच क्षणाचा निघाला. नंतर चहाच्या वेळी ते माझ्याजवळ आले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "ताई, बक्षीस कंपनीला होतं ना? मग उचललं मला कशाला?"

मला उत्तर देता आलं नाही. तो फोटो आम्ही कुठेही छापला नाही, पण ज्यांनी मोबाइलवर काढला त्यांच्याकडे तो असेलच.

यावर उपाय म्हणून बरेच जण फळी टाकतात. तसं करू नका. रॅम्पचा सुरक्षित उतार १:१२ धरतात, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. सहा इंचांच्या पाच पायऱ्या म्हणजे अडीच फूट उंची; तिला तीस फूट लांब रॅम्प लागेल. सभागृहात एवढी जागा मिळत नाही. आठ फुटांची फळी टाकली तर ती घसरगुंडीच होते. आम्ही आता व्यासपीठ वापरतच नाही. पाहुणे, निवेदक, सत्कारमूर्ती सगळे खाली, एकाच पातळीवर. मागच्यांना दिसावं म्हणून खुर्च्या अर्धगोलात मांडतो. पाहुण्यांपैकी एकानंही आजवर तक्रार केलेली नाही.

सभागृह ठरवण्याआधी समितीतल्या व्हीलचेअर किंवा कुबड्या वापरणाऱ्या सदस्यानं स्वतः तिथे जाऊन यावं. रस्त्यापासून खुर्चीपर्यंत आणि खुर्चीपासून शौचालयापर्यंत. मुंबईच्या जुन्या इमारतींत लिफ्ट असते, पण लिफ्टपर्यंत पोचायलाच चार पायऱ्या चढाव्या लागतात. "लिफ्ट आहे का?" या प्रश्नाला फोनवर "हो" असंच उत्तर मिळतं.

निमंत्रण कोणाला वाचता येतं?

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारं रंगीत निमंत्रण हे चित्र असतं. दृष्टिहीन माणसाच्या फोनमधला स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, त्यातली अक्षरं वाचेलच याची खात्री नाही. त्याच निरोपात खाली सगळा मजकूर टाइप करा.

मराठीची आणखी एक अडचण आहे आणि ती फार जणांच्या लक्षात येत नाही. युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला अर्ज आपल्याला सुबक मराठी दिसतो, पण स्क्रीन रीडर त्यातून इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी वाचतो. डीटीपीवाल्याकडून आलेली फाइल तशीच पुढे पाठवू नका. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो. अर्ज संगणकावर उघडून एकदा डोळे मिटून ऐका. आमचा पहिला अर्ज आम्ही असा ऐकला तेव्हा "संस्थेचे नाव" एवढंही कळलं नव्हतं.

सांकेतिक भाषेच्या दुभाष्यांना मानधन द्या, भाषणं आदल्या दिवशी पाठवा आणि कार्यक्रम तासाभराहून मोठा असेल तर दोघांना बोलवा, म्हणजे त्यांना आलटून पालटून काम करता येतं. चित्रफीत दाखवायला दिवे मालवलेत तरी दुभाष्यावरचा उजेड ठेवा. तो गेला की बहिऱ्या प्रेक्षकांसाठी कार्यक्रम तिथेच थांबतो.

आकड्यावर भाळू नका

"आमच्याकडे इतके दिव्यांग कर्मचारी आहेत" हे प्रत्येक अर्जाचं पहिलं वाक्य असतं. संख्या हवीच, पण ती बोलते कमी. ते कोणत्या पदावर आहेत? रुजू झाले तेव्हा जे काम करत होते तेच पाच वर्षांनीही करताहेत का? बरोबरीच्या कामाला बरोबरीचा पगार आहे का? सोडून कितीजण गेले? सोडून गेलेल्या एखाद्याशी बोलायला मिळालं तर अर्जाच्या चार पानांतून कळत नाही ते दहा मिनिटांत कळतं.

शिवाय पुष्कळशी अपंगत्वं दिसत नाहीत. १९९५च्या कायद्यात सात प्रकार होते. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ आहेत. त्यांत मानसिक आजार, अध्ययन अक्षमता, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, पार्किन्सन हेही येतात. अशा किती जणांनी कार्यालयात आपली अडचण सांगितलेली नसेल! म्हणून समितीनं कर्मचाऱ्यांची नावं किंवा अपंगत्वाची प्रमाणपत्रं मागू नयेत. कार्यालयात ही गोष्ट न घाबरता सांगता येते का, सांगितल्यावर काय होतं, ते विचारावं.

कायद्यानं जे करायलाच हवं त्याबद्दल बक्षीस देण्याची चूकही सर्रास होते. या कायद्याच्या कलम २१नुसार प्रत्येक आस्थापनेनं समान संधी धोरण जाहीर करायचं आणि त्याची प्रत दिव्यांगांसाठीच्या आयुक्तांकडे नोंदवायची असते. खासगी कंपन्याही यातून सुटत नाहीत. २० किंवा जास्त कर्मचारी असतील तर या धोरणात सोयीसुविधा, भरतीची पद्धत, संपर्क अधिकारी असा तपशील लागतो. सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आरक्षण आहे. हे पाळणं म्हणजे परीक्षेला बसण्याची पात्रता. आम्ही अर्जासोबत धोरणाची प्रत मागतो. ती नसेल तर अर्ज बाजूला ठेवतो आणि धोरण कसं करायचं ते कळवतो. त्यातल्या काही कंपन्या पुढच्या वर्षी तयारीनिशी येतात.

एचआरच्या खोलीत बसून परत येऊ नका

भेटीला गेलं की चहा येतो, सादरीकरण होतं, एका हसऱ्या कर्मचाऱ्याला बोलावून "सांग ना तुझा अनुभव" म्हणतात. साहेब समोर बसलेले असताना तो दुसरं काय सांगणार? वेगळं, एकट्याशी बोलायचं असं आधीच कळवा. बौद्धिक अपंगत्व असलेला कर्मचारी असेल तर आई-वडिलांकडून ऐकून घेऊन उठू नका. सोप्या शब्दांत त्यालाच विचारा, उत्तराला वेळ द्या.

मग जागा फिरून बघा. दिव्यांगांसाठीच्या शौचालयाची किल्ली कोणाकडे आहे? आत बादल्या, झाडू, जुन्या फायली आहेत का? आगीची कवायत झाली तेव्हा व्हीलचेअर वापरणारे कसे बाहेर पडले, भोंगा ऐकू न येणाऱ्याला कोणी सांगितलं? माझा आवडता प्रश्न पावसाळ्याचा आहे. रुळांवर पाणी भरून लोकल बंद पडतात त्या दिवशी तुमचा दृष्टिहीन सहकारी घरी कसा गेला? ज्या ठिकाणी खरंच विचार झालेला असतो तिथे याचं उत्तर एका दमात येतं: दुपारी एकलाच सोडतो, किंवा सकाळीच घरून काम करायला सांगतो. इतर ठिकाणी सगळे एकमेकांकडे बघतात.

लोकलवरून आठवलं. दिव्यांगांच्या डब्यातही गर्दीच्या वेळी पाय ठेवायला जागा नसते आणि इतर प्रवासी त्यात सर्रास चढतात. दहाऐवजी अकराला येऊ देणं ही सोय कंपनीला जवळजवळ फुकट पडते, आणि ज्याला मिळते त्याच्यासाठी मात्र ती नोकरी टिकण्या न टिकण्याची गोष्ट असते. अर्जात लोक लाखोंच्या उपकरणांबद्दल लिहितात. हे लिहायचं त्यांना सुचत नाही. आपण विचारायला हवं.

अंधेरी पूर्वेच्या एका लहान कारखान्यात आम्हाला असंच काही दिसलं. अंगठा लावायचं हजेरीचं यंत्र सगळीकडे असतं तसंच दारापाशी पाच फुटांवर होतं. बुटक्या चणीची एक कामगार ताई रुजू झाली. पहिले दोन दिवस ती प्लास्टिकच्या स्टुलावर चढून अंगठा लावत होती. तिसऱ्या दिवशी सुपरवायझरनं इलेक्ट्रिशियनला बोलावून यंत्र साडेतीन फुटांवर आणलं. वरच्या स्क्रूची भोकं भिंतीत अजून दिसतात. यासाठी कोणी अर्ज केला नव्हता, मालकांना तर आम्ही विचारल्यावर कळलं. त्या वर्षीचा आमचा पुरस्कार त्याच कारखान्याला गेला.

गाजलेल्या नावांपलीकडे

बहिऱ्या तरुणांच्या बळावर उभं राहिलेलं मिरॅकल कुरिअर्स आणि बौद्धिक अपंगत्व असलेली माणसं जिथे काम करतात ते जुहूचं कॅफे अर्पण यांची नावं मुंबईकरांनी ऐकलेली असतात आणि त्यांनी वाट दाखवली हे खरंच आहे. पण हे उपक्रम त्याच हेतूनं सुरू झाले. तीस माणसांच्या साध्या सीए ऑफिसात एक दृष्टिहीन अकाउंटंट इतरांसारखाच कामाला असणं ही वेगळी, आणि माझ्या मते जास्त अवघड गोष्ट आहे. अशी ऑफिसं स्वतःहून अर्ज करत नाहीत. दृष्टिहीनांसाठी काम करणारी वरळीची नॅब, बहिऱ्यांसाठीची वांद्र्याची अली यावर जंग संस्था, सेंट झेवियर्स कॉलेजमधलं दृष्टिहीनांसाठीचं रिसोर्स सेंटर अशा ठिकाणी वावरणाऱ्या माणसांना विचारा: "तुम्हाला कुठे काम करायला आवडेल?" नावं तिथून मिळतात. समितीतही निम्मे सदस्य अपंगत्व असलेले हवेत, आणि वेगवेगळ्या प्रकारचं. पायऱ्या मला दिसल्या नाहीत, त्यांना दिसल्या असत्या.

मंडळांच्या बाबतीत तर आपली फारच लवकर फसगत होते. गणेशोत्सवात दिव्यांगांसाठी वेगळी रांग ठेवली की बातमी येते. रांग चांगलीच आहे, पण ती पाहुण्यांसाठी. मंडळात कोण आहे? वर्गणीला कोण फिरतं, सजावट कोण ठरवतं, कार्यकारिणीत कोण बसतं?

गिरगावातल्या एका मंडळाचा खजिनदार सेरेब्रल पाल्सी असलेला तरुण आहे. त्याचं बोलणं संथ, शब्दांत मध्येच अंतर पडतं. पूर्वी सभेत तो हिशोब वाचायला लागला की कोणीतरी त्याचं वाक्य पूर्ण करायचं, सगळे प्रेमानंच करायचे. एका सभेत त्यानं कागद खाली ठेवला आणि म्हणाला, "मग तुम्हीच वाचा." तेव्हापासून मंडळाचा नियम आहे: त्याचं वाक्य दुसऱ्यानं पूर्ण करायचं नाही. हिशोबाला आता पंचवीस मिनिटं लागतात. मी त्या सभेला बसले होते. मांडववाल्याच्या बिलावरून त्यानं अध्यक्षांना तीनदा प्रश्न विचारले आणि अध्यक्षांनी तिन्ही वेळा उत्तर दिलं.

मानपत्राची भाषा

"दुर्दैवावर मात", "शारीरिक व्यंग असूनही", "अंधारातला प्रकाशकिरण" हे शब्द आपल्या हातून सवयीनं लिहिले जातात. मानपत्र संस्थेला आहे, तर संस्थेनं काय केलं ते लिहा. आमच्या एका मसुद्यात "या कंपनीने दिव्यांग बांधवांना मायेचा आधार दिला" असं होतं. समितीतल्या एका सदस्यानं ते खोडून लिहिलं: "या कंपनीने हजेरीचे यंत्र साडेतीन फुटांवर आणले, कामाच्या वेळा लोकलच्या गर्दीप्रमाणे बदलल्या आणि तीन वर्षांत दोन दिव्यांग कर्मचाऱ्यांना सुपरवायझर केले." ऐकणाऱ्याला दुसऱ्या दिवशी स्वतःच्या ऑफिसात जाऊन करता येईल असं त्यात काहीतरी आहे.

दिव्यांग म्हणायचं की अपंग? सरकारी कागदांत दिव्यांग आहे. तो शब्द न आवडणारेही बरेच भेटतात. ज्यांच्याबद्दल लिहिताय त्यांनाच विचारा आणि ते सांगतील तोच शब्द वापरा.

पुरस्कार दिल्यानंतर

सगळी व्यवस्था एखाद्याच अधिकाऱ्याच्या आस्थेवर उभी असते. तो बदलून गेला की ती कोसळते, आणि सन्मानचिन्ह मात्र रिसेप्शनवर झळकत राहतं. म्हणून आम्ही प्रमाणपत्रावर दोन वर्षांची मुदत घालतो आणि वर्षभरानं न कळवता फेरभेट देतो.

गेल्या वर्षीच्या एका फेरभेटीत शौचालयाला कुलूप होतं. किल्ली सिक्युरिटीकडे आणि आत प्रिंटरच्या कागदाचे खोके. अकराला येणाऱ्या मुलीला नव्या मॅनेजरनं पुन्हा साडेनऊची वेळ दिली होती. ती कल्याणहून येते. आम्ही कंपनीला पत्र लिहिलं. खोके चार दिवसांत हलले. वेळेचं पत्र यायला दोन महिने लागले, आणि ते येईपर्यंत आमच्या यादीतून त्यांचं नाव आम्ही काढून ठेवलं होतं.