सॉफ्ट रोबोटिक हात करायचाय? आधी एकच बोट करा

सिलिकॉनचा हात अलगद अंडं उचलतोय असा व्हिडिओ बघितला की प्रत्येकाला थेट पाच बोटांचाच हात करायचा असतो. नका करू. एक बोट करा, ते धड वाकलं की पुढचं बघू. आणि त्याआधी हे कोणासाठी करताय ते ठरवा. हात गमावलेल्या माणसासाठी हवेवर चालणारा हात मला स्वतःला फारसा पटत नाही, पंप, व्हॉल्व्ह, बॅटरी सगळं अंगावर वागवायचं, वर ती घरघर, असं सगळं घेऊन विरार लोकलमध्ये चढून दाखवा एकदा. तिथे दोरीने ओढली जाणारी बोटं आणि छोटी मोटर बरी. पण पॅरालिसिसचा झटका येऊन गेलाय आणि हाताला रोज घरी व्यायाम द्यायचाय, तर पंप टेबलावर राहतो, तिथे ही गोष्ट खरंच कामाची. हार्वर्डवाल्यांनी २०१५ मध्ये असाच ग्लोव्ह दाखवला होता, त्यात तर हवेऐवजी पाणी होतं.

बोटाच्या आत छोटे कप्पे असतात, सगळे एका नळीने जोडलेले, आणि तळाच्या थरात कागद किंवा पातळ कापड. हवा भरली की कप्पे फुगून वरची बाजू लांबते, कागदवाली लांबत नाही, म्हणून बोट कागदाच्या बाजूला वळतं. बस एवढंच.

सिलिकॉन प्लॅटिनम-क्युअरच (दोन भाग मिसळले की प्लॅटिनममुळे घट्ट होणारं) घ्या, इकोफ्लेक्स ००-३० सारखं, ऑनलाइन मिळतं. खिडकीला लावायचं व्हिनेगरच्या वासाचं सीलंट चालत नाही. वरच्या कप्पेवाल्या भागाचा साचा पीएलएमध्ये (थ्रीडी प्रिंटरचं नेहमीचं प्लास्टिक) प्रिंट करून घ्या, रेझिन प्रिंटरवर नको, बऱ्याच रेझिनला लागलेलं सिलिकॉन सेटच होत नाही, चिकट राहतं. लेटेक्सच्या ग्लोव्ह्जचंही तेच, त्यातलं सल्फर घात करतं, नायट्राइलचे वापरा. सिलिकॉनचे ए आणि बी हे दोन भाग समान मापात घ्या, हळूहळू ढवळा, कपाच्या कडा आणि तळ खरवडत. मिसळल्यावर ओतायला डब्यावर ४५ मिनिटं लिहिलेली असतात पण ती २३ डिग्रीची, आपल्याकडे मे महिन्यात त्याच्या बरंच आधी घट्ट व्हायला लागतं, सो साचा आधी तयार ठेवा आणि मगच मिक्स करा. बुडबुडे ओढून काढणारं व्हॅक्युम मशीन नसेल तर उंचावरून बारीक धारेने ओता, बुडबुडे बरेचसे फुटतात. मग चार तास हात लावू नका.

आता खरी कसरत, वरचा भाग तळाला चिकटवणं. तळासाठी ताज्या सिलिकॉनचा पातळ थर ओता, त्यात कागद बुडवा, वर अजून थोडं सिलिकॉन, आणि वरचा भाग त्यावर अलगद टेकवा. थर जाड झाला की सिलिकॉन वर चढून कप्प्यांमधली वाट बुजवतं, मग ते बोट फेकायचं. फेव्हिक्विक इथे काही कामाचं नाही, सिलिकॉनला सिलिकॉनच धरतं. सेट झालं की नळी घालून बोट बादलीत बुडवा आणि हळू हवा भरा, बुडबुडे जिथून येतील तिथे गळती. पुसून, वाळवून ताज्या सिलिकॉनचं ठिगळ लावा.

हवेसाठी पहिल्याच दिवशी अर्डुइनो (पंप-व्हॉल्व्ह चालवणारा छोटा कंट्रोलर बोर्ड) नको. बीपी मोजायच्या मशीनचा रबरी फुगा आणि घड्याळासारखं मीटर घ्या, दाब दिसतो आणि स्क्रू सैल केला की हवा लगेच सुटते. मीटरवर ३०० चा आकडा म्हणजे साधारण ४० किलोपास्कल, पण मऊ बोट त्याच्या खूप आधी वाकतं, म्हणून एकेक दाबत जा, कुठे एकच कप्पा फुग्यासारखा बाहेर आला तर तिथली भिंत पातळ आहे, थांबा. हे जमलं की मग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून १२ व्होल्टचा छोटा पंप, सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडझाप करणारा), मॉसफेट (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) आणा, व्हॉल्व्हच्या कॉइलला उलटा डायोड लावायला विसरू नका. व्हॉल्व्ह असा निवडा की लाइट गेली तर हवा आपोआप बाहेर पडेल, यात तडजोड नको.

आणि पेशंटच्या हातावर चढवायच्या आधी एक बघा, झटक्यानंतर बऱ्याच जणांची मूठ आवळलेली असते, त्यांना बंद करायला नाही, उघडायला मदत हवी असते, आणि तुमचं हे बोट तर बंदच करणार. काहींना त्या हातात स्पर्श नीट कळत नाही, नळी रुतली तरी सांगणार नाहीत. त्यामुळे बोट आधी ऑक्युपेशनल थेरपिस्टला दाखवा, हाजी अलीला पुनर्वसनाची केंद्र सरकारची संस्थाच आहे, आणि किती वेळ, किती वाकवायचं, कुठे थांबायचं हे त्यांच्याकडूनच लिहून घ्या.