पोस्टग्रेस: फाइलीत लिहिलेलं सेटिंग सर्व्हरने खरंच घेतलं का?

पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये वर्क_मेम (सॉर्ट आणि हॅशसाठीच्या मेमरीची मर्यादा) वाढवलं, रीलोड केलं (सर्व्हर बंद न करता फाइल पुन्हा वाचायला लावली), तरी रिपोर्ट तितकाच रेंगाळतोय? आकडा आणखी चढवू नका. चालू सर्व्हरकडे सध्या कोणता आकडा आहे आणि तो कुठून आला, ते आधी बघा.

सुरुवात फाइलपासून. उबुंटू-डेबियनवर पोस्टग्रेसक्यूएल डॉट कॉन्फ ही फाइल इटीसीखाली व्हर्जन आणि क्लस्टरच्या नावाच्या फोल्डरात असते, तर रेड हॅट घराण्यात थेट डेटा डिरेक्टरीत. मशीनवर दोन व्हर्जन असली की हमखास भलतीच फाइल उघडली जाते. पीएसक्यूएल या कमांड-लाइन टूलमध्ये 'शो कॉन्फिग_फाइल;' चालवा, पूर्ण पाथ समोर येतो.

त्या फाइलीत एकच नाव दोनदा असेल तर खालची ओळ चालते. कुणीतरी तळाशी ओळ जोडलेली असते आणि आपण वरची बदलत बसतो. त्यानंतर वाचली जाते ऑटो डॉट कॉन्फ, म्हणजे 'अल्टर सिस्टिम'ने लिहिलेली फाइल; तिच्यातलं मूल्य मुख्य फाइलवर मात करतं. त्याच्याही वर डेटाबेसला किंवा रोलला (म्हणजे युजरला) लावलेली सेटिंग्ज आणि शेवटी सेशनमधला 'सेट'.

या उतरंडीचा छडा पीजी_सेटिंग्ज या व्ह्यूमध्ये लागतो. नेम, सेटिंग, युनिट, सोर्स, सोर्सफाइल, सोर्सलाइन आणि पेंडिंग_रीस्टार्ट एवढे कॉलम काढा. मात्र ही क्वेरी अ‍ॅप्लिकेशन ज्या युजरने जोडतं त्याच युजरने, त्याच डेटाबेसवर चालवा. सुपरयुजरने लॉगिन केलंत तर तुमच्या सेशनचं मूल्य दिसेल, अ‍ॅपच्या रोलला लावलेलं नाही. (सोर्सफाइल साध्या युजरला रिकामी दिसते, पण सोर्समध्ये 'युजर' किंवा 'डेटाबेस' आलं की उत्तर मिळालंच.)

आता युनिट, सगळ्यात चोरटी चूक. 'वर्क_मेम = ६४' लिहिलं तर सर्व्हर ते ६४ किलोबाइट समजतो. तेवढं किमान मूल्य चालतं, त्यामुळे एररही येत नाही. सॉर्ट मात्र डिस्कवर टेंपररी फाइली लिहीत बसतात. शेअर्ड_बफर्सला (सर्व कनेक्शन्सची सामायिक कॅश मेमरी) युनिट नसेल तर आकडा ८ किलोबाइटच्या ब्लॉकमध्ये मोजला जातो. युनिट नेहमी लिहा आणि अक्षरं जपा: एमबी, जीबी पूर्ण मोठ्या लिपीत, किलोबाइटमधला के मात्र छोटा.

रीलोड की रीस्टार्ट, हे पीजी_सेटिंग्जमधल्या कॉन्टेक्स्ट कॉलमवरून ठरवा. 'पोस्टमास्टर' असेल तर रीस्टार्ट: शेअर्ड_बफर्स, मॅक्स_कनेक्शन्स, लिसन_अ‍ॅड्रेसेस. 'सिगहप' असेल तर रीलोड पुरतं. आणि पीजी_रीलोड_कॉन्फ 'टी' म्हणालं म्हणून खूश होऊ नका. त्याचा अर्थ एवढाच की सिग्नल गेला. फाइलीत सिंटॅक्सची चूक असेल तर एकही बदल लागू होत नाही, सर्व्हर जुन्या मूल्यांवर निवांत चालू राहतो. मग कधीतरी पॅचिंगच्या रात्री रीस्टार्ट होतो आणि सर्व्हर उठतच नाही. म्हणून रीलोडआधी पीजी_फाइल_सेटिंग्जमधला एरर कॉलम बघा, रीलोडनंतर लॉगचा शेवट. रीस्टार्ट लागणाऱ्या पॅरामीटरचं मूल्य बरोबर असलं तरी तिथे 'लागू करता आलं नाही' असाच शेरा येतो. त्याने घाबरायचं कारण नाही.

आकड्यांचं म्हणाल तर फक्त डेटाबेससाठी दिलेल्या १६ जीबीच्या मशीनवर शेअर्ड_बफर्स ४ जीबी ही चांगली सुरुवात. डिफॉल्ट १२८ एमबी फारच तोकडा. इफेक्टिव्ह_कॅश_साइज १० ते १२ जीबी ठेवा. त्याने मेमरी अडकत नाही, क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या प्लॅनरला फक्त अंदाज मिळतो. वर्क_मेमबाबत हात आखडता घ्या. ते कनेक्शनमागे एकदा नाही, तर प्रत्येक सॉर्ट आणि हॅशमागे लागतं, पॅरलल वर्करला वेगळं, शिवाय १५ व्या व्हर्जनपासून हॅशला डिफॉल्टनेच दुप्पट. ६४ एमबी, १०० कनेक्शन्स आणि प्रत्येकी दोन सॉर्ट धरले तर १२.५ जीबी झाले. मेमरी संपल्यावर लिनक्सच्या ओओएम किलरने एक प्रोसेस मारली की पोस्टग्रेस सगळीच कनेक्शन्स तोडून रिकव्हरीत जातं. सर्वांना १६ एमबी द्या आणि रात्रीच्या रिपोर्टच्या रोलला 'अल्टर रोल'ने २५६ एमबी. नवं मूल्य नव्या लॉगिनपासून लागतं, तेव्हा कनेक्शन पूल (अ‍ॅपने उघडी ठेवलेली कनेक्शन्स) रीसायकल करा.

मॅक्स_कनेक्शन्स वाढवताना स्टँडबाय (प्रायमरी म्हणजे मुख्य सर्व्हरची तयार ठेवलेली प्रत) असेल तर आधी स्टँडबाय, मग प्रायमरी; कमी करताना उलट.

'अल्टर सिस्टिम'ने अवाच्या सवा शेअर्ड_बफर्स दिल्यामुळे सर्व्हर उठत नसेल तर मुख्य फाइल कितीही सुधारा, उपयोग नाही. सर्व्हर बंद असतानाच डेटा डिरेक्टरीतल्या ऑटो डॉट कॉन्फची कॉपी काढा, तेवढी एक ओळ उडवा आणि सुरू करा. फाइलीच्या डोक्यावर 'हाताने बदलू नका' असं लिहिलेलं असतं, पण सर्व्हर बंद असताना 'अल्टर सिस्टिम रीसेट' चालवणार कुठून?